सुलू, टाकी बदलली

सुलू, तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. चपला बाहेर काढल्या, तुझ्या फोटोसमोर हात जोडले, डोळेही पुसले. खोटं नव्हतं त्यात काही. मग खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "मोहनराव, ही वेळ नाही हे मला कळतं. पण वहिनींच्या गाडीखाली पेट्रोल साचतंय. कोणी विडी टाकली तर अख्ख्या पार्किंगची वाट लागेल. तेवढं काहीतरी करा. नाहीतर मला भंगारवाला बोलवावा लागेल."

मी म्हणालो, "बघतो."

काय बघणार होतो मी? आपल्या तळमजल्याच्या खिडकीतून गाडीचं मागचं चाक दिसतं, तेवढंच बघत होतो दोन आठवडे.

तुझ्याबद्दल बोलायला लोक येत होते. कष्टाळू होती, हसतमुख होती, नवऱ्याची सेवा केली. सेवा हा शब्द ऐकलास तर तू त्यांना पाटावरून उठवलं असतंस. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला त्या टाकीबद्दल बोलायचंय. आपलं शेवटचं भांडण तिच्यावरून चाललं होतं आणि ते अर्धंच राहिलं. अर्ध्यावर भांडण टाकून जायची तुझी कधी सवय नव्हती.

साइटवर शिडीवरून पडलो, मणका गेला, आणि हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलो. इलेक्ट्रिकल फिटर मी, लोकांच्या छताला पंखे टांगण्यात आयुष्य गेलं, आणि आता खाली पडून आपल्याच पंख्याकडे बघायचं. तू थोडे दिवस सहन केलंस. मग भांडुपला माहेरच्या घरामागे ताडपत्रीखाली पडलेली तुझ्या बाबांची मोटरसायकल टेम्पोत घातलीस आणि साकीनाक्याला नेलीस. तू घाटकोपरला हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर, त्यामुळे प्लंबर, वेल्डर, फॅब्रिकेटर ही सगळी जमात तुला ओळखायची आणि टरकूनही असायची. त्यांच्यातला रफिकभाई. त्याला तू सांगितलंस, "इसको लेफ्ट में एक पाळणा लगाओ. मेरा आदमी बैठेगा."

पाळणा. आपल्याला मूल झालं नाही. तो शब्द तू मुद्दाम वापरलास की तोंडातून सहज गेला, मी कधी विचारलं नाही. रफिकभाईनेच मला नंतर हसत सांगितलं होतं.

साइडकार आली ती तांबड्या प्राइमरमध्ये. "रंग नंतर देऊ," म्हणालीस, आणि तो नंतर कधी आलाच नाही. डाव्या बाजूला खाली पडणारं फळकूट होतं, त्यावरून तू मला काखेत धरून आत सरकवायचीस. पहिल्या दिवशी अख्खी बिल्डिंग गॅलरीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू हेल्मेट चढवलंस, वर बघितलंस आणि ओरडलीस, "तिकीट लावू काय?" सगळे हसले, मीसुद्धा. पडल्यानंतर पहिल्यांदा हसलो असेन.

त्या गाडीने मला परत माणसात आणलं. तू दुकानातून आलीस की आपण निघायचो. कोणाचा मिक्सर, कोणाची इस्त्री, कोणाच्या टेबल फॅनची मोटर. लिफ्ट नसली तर तू वर जाऊन वस्तू खाली घेऊन यायचीस आणि मी साइडकारमध्ये बसल्या बसल्या मांडीवर ती उघडायचो. बिल्डिंगमधल्या बायका भोवती उभ्या. तू सीटवर आडवी बसून शेंगा खात त्यांना सांगायचीस, "आमचे डॉक्टर आहेत. ऑपरेशन चालू आहे. गप्पा बाहेर."

आणि पवईची ती सकाळ. रस्ता मोकळा होता. डावं वळण घेताना तू ॲक्सिलरेटर पिळलास आणि साइडकारचं चाक रस्ता सोडून हवेत गेलं. मी किंचाळलो, "सुलू, चाक उचललं!"

"म्हायत आसा! मीच उचललंय!"

तुझं मालवणी बाहेर आलं की समजायचं, बाई खुशीत आहे. मी तुला शिव्या घातल्या. पुढच्या रविवारी त्याच वळणावर मी काही बोललो नाही, नुसतं तुझ्याकडे बघितलं. तू पुन्हा चाक उचललंस.

आता टाकी. मूळची टाकी साइडकारच्या आडव्या रॉडला घासत होती, म्हणून रफिकभाईने दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची लहान टाकी बसवली. ती चॅसिवर बसेना, तेव्हा तिला खालून लोखंडी पट्टीचे दोन कान वेल्ड केले आणि ते बोल्टने आवळले. गाडी चालली की ते कान हादरायचे. हादरून हादरून डाव्या कानाच्या मुळाशी टाकीला चीर गेली.

वास आधी मला आला. येणारच. साइडकारमध्ये माझं नाक टाकीच्या अगदी जवळ. तू म्हणालीस, "तुला आमटीतही वायर जळल्याचा वास येतो." मग एक दिवस तुझ्या सलवारच्या गुडघ्यावर ओला डाग पडला. तू बोट लावून हुंगलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ठीक आहे, जिंकलास."

पण तू जिंकू कुठे दिलंस? कपड्याचा साबण घेतलास आणि चिरेवर घासलास. गळती थांबली. चार-सहा दिवसांनी पुन्हा सुरू. मग दुकानातली मळून लावायची पुट्टी आली. ती टणक झाली, तू तिच्यावर टिचकी मारून मला आवाज ऐकवलास. तीही सुटली. तू परत लावलीस, जास्त जाड. टाकीला गळू झाल्यासारखं दिसायला लागलं.

मी म्हणायचो, "टाकी बदल."

तू म्हणायचीस, "कान तुटलाय, टाकी नाही. कान दुखला म्हणून डोकं बदलतात का?"

"आतून गंजली आहे ती. फिल्टरमध्ये लाल पूड येते, तूच साफ करतेस ना?"

"वेल्डिंग मारून घेऊ. रफिकभाई आहे ना."

"गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग टिकत नाही, सुलू."

"काय्येक होवचा नाय. घाबरट मेलो."

रोज हेच. चहाला हेच, जेवताना हेच. तुला बाबांच्या गाडीचं आधीच बरंच काही काढून टाकावं लागलं होतं, आता जे उरलंय ते दुरुस्त करत राहायचं, असं तुझं काहीतरी होतं. मला ते कळत होतं. पण टाकी बाबांची नव्हतीच ना गं! हे मी म्हणालो की तू भांडी आपटायला लागायचीस.

त्या सकाळी पुट्टी पुन्हा सुटली होती. तू हात पुसत आत आलीस, म्हणालीस, "आज बसने जाते. संध्याकाळी आलं की बघू." मी म्हणालो, "बघू नाही, बदलू." तू दारातून म्हणालीस, "आल्यावर भांडू. डबा खा वेळेवर."

दुपारी दुकानाच्या मालकांचा फोन आला. डोकं दुखतंय म्हणालीस, रंगाच्या डब्यावर बसलीस आणि तिथेच कलंडलीस. मेंदूत रक्तस्राव. घाटकोपरच्या हॉस्पिटलात नेलं होतं. घाटकोपर काय लांब आहे का? धडधाकट माणूस अर्ध्या तासात पोचला असता. मी फोन हातात घेऊन पलंगावर बसून होतो, मुलुंडहून तुझा भाऊ यायची वाट बघत. बाळा आला, शेजारच्यांनी आणि त्याने मला उचलून रिक्षात घातलं. माझे पाय नीट ठेवायलाही कोणाला सुचेना. तूच ठेवायचीस ना ते, एकावर एक न येता. पोचलो तेव्हा तू गेली होतीस. तुझ्या नखांत पुट्टी होती. मी ती काढायला लागलो तर नर्स म्हणाली, "काका, राहू द्या." मी नाही राहू दिली. एका हाताची काढली. दुसरा हात पलीकडे होता, तिथे मला पोचता येईना.

सेक्रेटरी येऊन गेले त्या संध्याकाळी, मला उचलायला रोज यायचा तसा बाळा आला. वाईट माणूस नाही तो, तुझाच भाऊ आहे. जमिनीवर बसून माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "भावोजी, तुम्ही आमच्याकडे चला मुलुंडाक. जागा लहान आसा, पण भागवूया. ही खोली बंद करून ठेवू." मी खिडकीतून चाकाकडे बघत होतो. "आणि ती गाडी आता कोण चालवतला? देऊन टाकू या."

"टाकी दुरुस्त करायची आहे," मी म्हणालो.

"कशाला?"

त्याचं बरोबर होतं. चालवणारी नाही, तर टाकी गळो नाहीतर फुटो. पण सुलू, खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की ही गाडी भंगारात गेली तर मीही त्याच टेम्पोत चढलो. मग मुलुंडच्या घरातली एक भिंत, आणि तिच्याकडे तोंड करून मी. बाळाची बायको वेळेवर ताट आणून देईल. देईलच, चांगली आहे. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हीलचेअर ढकलत पार्किंगमध्ये गेलो आणि टाकी काढायला बसलो. उरलेलं पेट्रोल नळीने कॅनमध्ये काढलं. उजवा कान सुटला. डाव्याचा बोल्ट पुट्टीखाली गाडला गेला होता, तुझ्या पुट्टीखाली. छिन्नी लावता येत नव्हती, ठिणगी उडाली तर संपलंच. ती पुट्टी मी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडत होतो, तुकड्या-तुकड्याने. काही तुकड्यांवर तुझ्या अंगठ्याचे ठसे उमटले होते. वॉचमन येऊन म्हणाला, "साहेब, मी करू?" मी त्याच्यावर खेकसलो. मग मान खाली घालून पुन्हा खरवडायला लागलो. तो गेला नाही बिचारा, सावलीला उभा राहिला.

घडी केलेली व्हीलचेअर मागे टाकून, टाकी मांडीवर घेऊन रिक्षा. पहिल्या रिक्षावाल्याला वास आला आणि त्याने मला गेटवरच उतरवलं, म्हणजे उतरवायला वॉचमनला बोलावलं. दुसऱ्याने टाकी बघितली, मला बघितलं, म्हणाला, "बसा काका, मी विडी ओढत नाही." पवईवरून आम्ही गेलो. तुझ्याशिवाय त्या रस्त्यावर मी पहिल्यांदाच. ते वळण आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

रफिकभाई गॅलरीची ग्रिल कापत होता. मशीन बंद करून हसत पुढे आला, माझ्यामागे बघितलं आणि म्हणाला, "दीदी पार्किंग ढूंढ रही है क्या?"

त्याला कोणी कळवलं नव्हतं. आता ते मलाच सांगायचं होतं. तोपर्यंत मी कोणालाच सांगितलं नव्हतं गं. सगळ्यांना आधीच माहीत असायचं, ते येऊन मलाच सांगायचे. ते वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं ते त्या ग्रिलच्या ढिगाऱ्यात. "वो नहीं रही." रफिकभाई मटकन खाली बसला. मग मी टाकी पुढे केली. "वेल्डिंग मारो. उसको वेल्डिंग चाहिए था."

त्याने टाकी सोड्याच्या पाण्याने धुतली, पुन्हा पुन्हा पाणी भरून ओतून टाकलं. ओतलेलं प्रत्येक पाणी लाल. तोंडातून आत टॉर्च मारला आणि मान हलवली. "मोहनभाई, दुसरी टंकी डालते हैं." मी म्हणालो, "वेल्डिंग." त्याने पाणी भरलं, चीर वर येईल अशी टाकी टेकवली आणि ज्योत लावली. चीर भरली, आणि तिच्या शेजारचा पत्रा वितळून नवं भोक पडलं. त्याने ते भरलं. भोक मोठं झालं. करंगळी जाईल एवढं, मग अंगठा जाईल एवढं.

"और एक बार," मी म्हणालो.

"मोहनभाई."

"और एक बार मारो!" मी ओरडलो. शेजारच्या गाळ्यातले लोक बाहेर आले. रफिकभाईने अजून एकदा मारलं. डावा कानच सुटून खाली पडला आणि टाकीच्या बुडाला एवढं भगदाड पडलं की आतलं सगळं पाणी फरशीवर आलं. त्याने ज्योत बंद केली. चष्मा वर करून शांतपणे म्हणाला, "इसमें लोहा ही नहीं बचा. जोडूं किसको?"

म्हणजे माझं बरोबर होतं, सुलू. टाकी आतून गेलेली होती, वेल्डिंग टिकणार नव्हतंच, बदलायलाच हवी होती. सगळं भांडण मी जिंकलो. आणि मला एवढा राग आला तुझा! असं कोणी हरतं का? तू समोर हवी होतीस. कमरेवर हात ठेवून त्या भगदाडाकडे बघून तू म्हणायला हवं होतंस, "रफिकभाईचाच हात आज बरा नाही." मी चिडलो असतो, घरी जाईपर्यंत आपण भांडलो असतो. मी ओंजळीत तोंड घालून रडलो. रफिकभाईने मशीन चालू केलं आणि नुसतंच चालू ठेवलं, माझा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू मला घाबरट म्हणायचीस आणि मी म्हणू द्यायचो. होतोच मी घाबरलेला. पेट्रोलचा थेंब गरम इंजिनावर पडताना मला दिसायचा, तुला सीटवरून दिसायचा नाही. मी रोज मनात बघायचो: भडका उडालाय. तू उडी मारून बाजूला होऊ शकतेस, मी होऊ शकत नाही. इथपर्यंत ठीक होतं, माझं काय व्हायचं ते होवो. पण पुढचं मला दिसायचं. तू उडी मारणार नाहीस. फळकूट पाडशील, मला काखेत धरशील आणि ओढत बसशील, कोणी कितीही ओरडलं तरी. त्यासाठी टाकी बदल म्हणत होतो मी. हे बोलून दाखवलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मग? सोडून पळू?"

रफिकभाईने ढिगाऱ्यातून एक वापरलेली पण आतून स्वच्छ टाकी शोधून काढली. या वेळी कान नाहीत. खाली रबर आणि वरून पट्टा. पुढच्या रविवारी बाळा कुरकुर करत गाडी आणि मला टेम्पोतून तिथे घेऊन आला. टाकी बसली, पेट्रोलचा कॉक उघडला. रफिकभाईने खाली कागद पसरला आणि आम्ही तिघं त्या कागदाकडे बघत राहिलो. कोरडा. किक मारली. चालू झाली. रफिकभाईने जुन्या टाकीकडे बोट दाखवलं, "ले जाओगे?" मी हो म्हणालो, मग नको म्हणालो, मग पुन्हा हो. शेवटी त्यानेच ती आत नेऊन ठेवली.

टेम्पो निघून गेला होता. बाळा म्हणाला, "मी चालवतंय. बसा तुम्ही." स्कूटर चालवणारा माणूस तो. साइडकारची गाडी डावीकडे ओढते हे त्याला कोण सांगणार? पहिल्याच खांबाजवळ आम्ही फुटपाथला टेकलो. मी सांगत गेलो: हँडल उजवीकडे धरून ठेव, ब्रेक आधी लाव, वळणाला वेग कमी. घामाघूम झाला. पंपावर टाकी पूर्ण भरली. तो वाकून वाकून खाली बघत होता.

मग गांधीनगरचा पुलाखालचा सिग्नल लागला. डावीकडे मुलुंड, सरळ गेलं की हायवे आणि आपलं कन्नमवार नगर. सिग्नल लाल होता. बाळाने हेल्मेटची काच वर केली.

"भावोजी, खय जावया?"

"घरी."

"खयच्या घराक?" त्याने हळूच विचारलं. "माझ्या की तुमच्या?"

तो माझ्या उत्तराची वाट बघत होता. घरी जाऊन मला पलंगावर कोण टाकणार, उद्या सकाळी अंघोळ कोण घालणार, मिक्सर घेऊन खाली कोण येणार, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. मागून हॉर्न सुरू झाले.

"आमच्या," मी म्हणालो.

बाळाने माझ्याकडे बघितलं, काच खाली केली आणि गाडी सरळ घेतली. हायवेला लागलो आणि मी रडायला लागलो, तोंड उघडं टाकून, मोठमोठ्याने, दोन्ही बाजूंनी ट्रक आणि बस जात असताना, सगळ्यांच्या देखत. त्या आवाजात बाळाला ऐकू गेलं नसेल. गेलं असेल तरी तो थांबला नाही, हँडल घट्ट उजवीकडे धरून चालवत राहिला.